बंदुकीला बैलांचा पट्टा

आमच्या ह्यांच्या लेखी पट्टा लावलेली बंदूक म्हणजे पोलिसाची बंदूक. शेतकऱ्याच्या बंदुकीला पट्टा कशाला? "खांद्याला अडकवायला ती काय शाळेची पिशवी हाय?" असं म्हणून ते विषय उडवून लावायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे ऐकत आले, आणि शेवटी त्या बंदुकीला पट्टा लावला तो मीच. हे आता नाहीत म्हणून लिहायला बसले. असते तर कागद हातातून ओढून घेतला असता आणि म्हणाले असते, "बंदुकीचं काय लिवतेस? चाय ठेव."

आमचं गाव वरंधच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. खाली ओढ्याच्या काठानं भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि थोडी वरी, आणि त्याच्यावर सगळं रान. भात भरायला लागलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत खाचराचं अंगण करून जातात. म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे शेतीच्या राखणीचा परवाना आणि एक दुनळी बंदूक होती. दोन नळ्या शेजारी शेजारी, आणि मागचा लाकडी दस्ता हाताच्या घामानं काळा पडलेला. सासरे गेल्यावर ती रीतसर ह्यांच्या नावावर झाली. ह्यांनी तिच्यानं कधी डुक्कर मारल्याचं मला आठवत नाही. दिवेलागणीच्या आधी खाचरावर जायचं आणि आभाळाकडे एक बार काढायचा, एवढंच काम. त्या एका बारावर आजूबाजूची खाचरंही निर्धास्त असायची. "बार झाला काय गो?" असं बायका एकमेकींना विचारायच्या आणि मग चुलीवर भात ठेवायच्या.

बंदूक न्यायची आमच्याकडे एक रीत आहे. वाडीतून जाताना ती मधून उघडायची आणि दुमडलेली तशीच डाव्या कोपरात घ्यायची. नळ्यांची मागची तोंडं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजेत. रिकामी आहे हे तोंडानं सांगावं लागू नये, बघणाऱ्याला दिसावं. पट्टा लावून खांद्याला टाकलेली बंदूक बंद असते, ती भरलेली की रिकामी हे देव जाणे, म्हणून पट्ट्याचा एवढा राग. हे ती कोपरात अशी घ्यायचे की तान्हं पोर घेतलंय. मी चिडवायचे, "माझी पोरं कधी अशी घेतली नाय तुमी." ते नुसते हसायचे.

दुसरी रीत ह्यांची स्वतःची होती, सासऱ्यांनी शिकवलेली. बांध ओलांडला की नळीतून बघायचं. पावसात पाय घसरतो, नळीचं तोंड चिखलात जातं, आणि चिखल अडकलेल्या नळीतून बार काढला तर नळीच फुटते. मग धरणाऱ्याचा हात जातो आणि शेजारी उभा असेल त्याचे डोळे. म्हणून हे प्रत्येक बांधानंतर थांबायचे, बंदूक उघडून नळ्या आभाळाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून आरपार उजेड बघायचे. नळ्या साफ दिसल्या की पुढे, आणि काडतूस भरायचं ते शेवटच्या बांधानंतर. मी मागे कंदील घेऊन उभी. मला कंटाळा यायचा. देवळात गेल्यावर सुद्धा माणूस इतक्या वेळा हात जोडत नाही.

त्यांची डावी बाजू गेली ती श्रावणात. सकाळी पडवीत तोंड धुताना तांब्या हातातून सुटला, आणि हे त्या तांब्याकडे बघत तसेच उभे राहिले, तो उचलायचा कसा हे विसरल्यासारखे. महाडला दवाखान्यात नेलं. हळूहळू पाय आला, फरफटत का होईना. हात आला नाही. बंदूक वागवायची तो डावा हातच गेला.

डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना, बसू देऊ नका. सांगायला काय जातं? हे ओटीवर बसायचे ते बसायचेच. संध्याकाळी बार काढायची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. पहिले काही दिवस बायकांनी विचारलं, "बार नाय झाला आज?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विचारायचं सोडलं. ते न विचारणं ह्यांना जास्त लागलं असावं.

मुलगा बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कंपनीत कामाला आहे. सुट्टीला आला तेव्हा जेवताना म्हणाला, "आई, आता बाबांना बंदूक नाही झेपायची. उगाच रिस्क नको. ठाण्यात जमा करून टाकू." तो चुकीचं बोलत नव्हता. पण बाप शेजारच्या पाटावर बसलेला असताना बोलला. ह्यांनी ताट सरकवलं, आणि त्यानंतर खाणंही नावापुरतं झालं. मला भीती वाटायला लागली की हा माणूस आता असाच भिंतीकडे तोंड करून जाणार. मला बंदुकीची पडलेली नव्हती. डुकरांनी सगळं भात खाल्लं असतं तरी मी रेशनचे तांदूळ शिजवले असते. मला माणूस ओटीवरून उठवायचा होता, आणि त्याला उठवील असं घरात दुसरं काही नव्हतं.

एका हाताच्या माणसाला, त्यातही तो हात काठीत अडकलेला, बंदूक न्यायची तर पट्टाच हवा. पट्ट्याला दोन कड्या लागतात, एक पुढे नळ्यांच्या खाली आणि एक मागे दस्त्याच्या लाकडात. महाडला काडतुसांच्या दुकानात विचारलं. तो म्हणाला, जुन्या नळ्यांना कडी डागली तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टी उष्णतेनं सुटू शकते, आणि जुन्या दस्त्याला स्क्रू मारला तर लाकूड चिरेल, मी हात लावणार नाही. बापाच्या लाकडाला भोक पाडायला ह्यांनीही दिलं नसतंच. मग भोक न पाडता लावायचा पट्टा. पुढे दोन्ही नळ्यांभोवती चामड्याचा फास, मागे दस्त्याच्या बारीक भागाला वादीनं आवळून बांधायची चामड्याची खोळ, आणि मधे पट्टा.

चामडं घरात होतं. पॉवर टिलर आला तेव्हा आम्ही बैल विकले, पण त्यांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे ह्यांनी दिले नाहीत. माळ्यावर होते ते. मी घुंगरं काढली, खोबरेल चोळून चोळून चामडं मऊ केलं, सुतळीनं बंदुकीची मापं घेतली, वर्तमानपत्राची खोळ कापली, आणि सगळं पिशवीत घालून महाडला गेले. स्टँडच्या मागे एक चाचा रिक्षाच्या सीटा शिवतात. त्यांनी दोन्ही पट्टे उलटेसुलटे करून बघितले.

"भाभी, बैल तर विकले ना तुमी?"

"विकले."

"मग हे पट्टे कुनाला?"

"नवऱ्याला."

चाचा इतके हसले की शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला. मलाही हसू आलं. दवाखान्यातून आल्यापासून मी हसलेच नव्हते, हे मला तिथे कळलं, आणि मग तिथेच रडूही आलं. चाचांनी मशीन चालू केलं आणि मान खाली घालून शिवत राहिले. त्याचं मला फार बरं वाटलं.

घरी येऊन मी बंदूक कपाटातून काढली आणि ओटीवर, ह्यांच्या समोरच, पट्टा बांधायला बसले. हे बघत नसल्यासारखे बघत होते. मी पट्टा चांगला ताणून घेतला.

"घट्ट झाला," हे भिंतीला सांगितल्यासारखे म्हणाले. "ती उघडनार नाय."

खरंच, बंदूक मधून उघडायला गेले तर पट्टा आड येत होता. सैल केला. मग नळ्या वर करून खांद्याला लावून बघितली, तर फास घसरत घसरत पुढे गेला आणि नळ्यांवरून निघालाच, कारण नळ्या पुढे निमुळत्या असतात.

"अगो, उलटी धर. तोंड खाली. मग वजनानंच घट्ट बसतो तो." असं म्हणून हे उठले. भिंत धरून, पाय ओढत, पण स्वतःहून उठले. बंदूक माझ्या हातातून घेतली, तोंड खाली करून उजव्या खांद्याला अडकवली. दोन बैलांचे पट्टे मधे जोडलेले, पितळी बकल, सगळं हातानं चाचपलं. "मला बैल केलास काय गो?"

"केला. चला आता."

मी बकल वरच्या भोकात लावलं होतं, त्यांनी ते खाली घ्यायला लावलं. माणूस उंच. भोकं पाडलेली होती त्यातलं सर्वांत शेवटचं त्यांना बरोबर बसलं, आणि बकल तिथेच राहिलं.

त्या संध्याकाळपासून हे परत खाचरावर जायला लागले. उजव्या खांद्याला बंदूक, उजव्या हातात काठी, डावीकडे मी, त्यांच्या कोपराला हात देऊन. पट्ट्यामुळे बंदूक उघडी नेता येत नव्हती. वाडीत कुणी समोर आलं की हे थांबायचे आणि म्हणायचे, "रिकामी हाय रे." कुणी विचारत नव्हतं, तरी म्हणायचे. जन्मभर ज्या माणसाला हे तोंडानं सांगावं लागलं नाही, तो आता पोराटोरांना सुद्धा सांगायचा. मला ते ऐकवत नसे. पण चालत होते, जेवत होते, माझ्यावर खेकसत होते. खाचराशी राखणीला बांधलेल्या माळ्याच्या आडव्या वाशावर नळ्या टेकवून, दस्ता उजव्या खांद्यात घेऊन बार काढायचे. पहिला बार झाला त्या दिवशी पलीकडच्या घरातून कुणीतरी बाई ओरडली, "झाला गो बार!" ह्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा चेहरा बघायची मला गरज नव्हती.

नळीतून बघणं मात्र जड जात होतं. दस्ता काखेत दाबून अंगठ्यानं खिटी सरकवली की बंदूक आपल्या वजनानं उघडायची, पण ती उचलून आभाळाकडे धरायला दुसरा हात लागतो. हे बांधावर बसायचे, ती गुडघ्यावर ठेवायचे, मान वाकडी करायचे. मी हात पुढे केला की, "सोड." प्रत्येक बांधाला असं करता करता अंधार व्हायला लागला. मग ते फक्त शेवटच्या बांधाला बघायला लागले.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दिवसभर पाऊस पडून उघडला होता. शेवटच्या बांधावरून उतरताना ह्यांचा डावा पाय घसरला. काठीनं तोल सांभाळला, मी धरलं, बंदूक खांद्यावर हेलकावली. "लागलं काय?" म्हटलं, तर "नाय" म्हणाले आणि रागानं भराभर पुढे निघाले. पडता पडता बायकोनं धरलं याचा तो राग. ओढ्याच्या बाजूनं फुरफुर ऐकू येत होती, डुकरं लवकर उतरली होती. माळ्यापाशी पोचल्यावर ह्यांनी घाईघाईनं दोन्ही काडतुसं भरली, नळ्या वाशावर टेकवल्या, गाल दस्त्याला लावला. मी नेहमीसारखी त्यांच्या डावीकडे, कोपर धरून, अगदी लागून.

बार झाला नाही. हे तसेच राहिले, बोट चापावर. मग बोट काढलं, गाल काढला, बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "बघ गो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मला बघायला सांगत होते. मी नळ्या वर धरल्या. डावीतून आभाळाचा गोल तुकडा दिसला. उजवीतून काही दिसेना. बोटानं चाचपलं तर तोंडाशी लाल चिखल घट्ट बसलेला, त्यात भाताचं एक पातं.

"कुठली?"

"उजवी."

हे नेहमी उजव्या नळीचाच बार काढायचे. हे मला माहीत होतं आणि त्यांना तर माहीत होतंच. ते बांधावर बसले. मी म्हटलं, "यात काय एवढं? काडीनं काढू. उद्यापासून मी बघत जाईन. सगळ्या बांधांना बघेन. तुमी नुसतं मला सांगा."

डुकरं खालच्या खाचरात शिरल्याचं ऐकू येत होतं.

"तू बाजूला असतेस म्हनूनच नको," ते म्हणाले.

मी भांडले. तिथेच, चिखलात उभी राहून भांडले. म्हटलं, मी तुमच्यासाठी पट्टा केला, महाडला खेपा घातल्या, लोकांत हसू करून घेतलं, आणि तुम्ही एका चिखलाच्या गोळ्यासाठी पुन्हा ओटीवर जाऊन पडणार? म्हटलं, माझे डोळे गेले तर गेले, माझे आहेत. नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही खेकसले नाहीत. तेव्हाच मला कळलं की यांचं ठरलं. परत येताना बंदूक मी घेतली, उघडून, डाव्या कोपरात, रीतीप्रमाणे. वाडीत कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती ठाण्यात जमा करायला निघालो. निवडणूक लागली की आमच्याकडच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जातात आणि निकाल लागल्यावर परत येतात, हे गावाला सवयीचं. रस्त्यावर गाडीची वाट बघताना एका शेजाऱ्यानं विचारलं, "काय, कसली निवडणूक लागली?"

"लागली," हे म्हणाले.

तो बिचारा "बरं बरं" म्हणून गेला.

ठाण्यात पोरगेलासा हवालदार होता, चांगलं बोलला. म्हणाला, बाबा, पट्टा काढून घ्या, परवान्यावर फक्त बंदूक आहे. मी वाद्या सोडल्या. ओल्या हातानं बांधलेल्या गाठी, लवकर सुटेनात. हे बाकावर बसून बघत होते. मी पट्टा पिशवीत घालणार तर हात पुढे करून मागून घेतला. "बैलांचा हाय," हवालदाराला म्हणाले, आणि तो रिकामा पट्टा खांद्याला अडकवला. तसेच गाडीत बसले, तसेच घरी आले. वाटेत मी खिडकीच्या बाहेर बघत होते, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर गाडीत तमाशा झाला असता.

मला वाटलं, झालं, आता ओटी आणि भिंत. दोन-तीन दिवस झालंही तसंच. मग एका संध्याकाळी बघते तर हे पडवीत तेलाचा रिकामा डबा घेऊन बसलेले, त्याच्या कडीत पट्टा ओवायची खटपट चाललेली. एका हातानं जमेना. "बघतेस काय? धर." डबा वाजवून डुकरं हाकलणं हे आमच्याकडे पोरांचं काम. बंदूकवाल्यांच्या घरचा माणूस डबा घेऊन निघाला, याचं लोकांना काय वाटेल, हे त्यांना कळत नसेल असं नाही. निघाले. डबा मांडीच्या वर लटकलेला, उजव्या हातात काठी, ती थोडा वेळ टेकायला आणि थोडा वेळ डबा बडवायला. पहिल्या बांधाशी थांबले, सवयीनं. मग स्वतःशीच मान हलवून पुढे गेले. मी डावीकडेच होते, अगदी लागून.

भात घरात आलं, निम्मंअर्धं का होईना. ह्यांनी तो अख्खा हंगाम डबा बडवला. माघात दुसरा झटका आला, आणि महाडला पोचायच्या आत, गाडीतच, माझ्या मांडीवर गेले.

यंदा भात पुन्हा भरात आलंय. मुलगा म्हणतो, शेत मक्त्यानं दे आणि बिरवाडीला ये. बघू. सध्या संध्याकाळी खाचरावर मीच जाते. खांद्याला तोच पट्टा, त्याला तोच डबा. परवा मुलगा आला होता, त्यानं बघितलं, म्हणाला, "आई, बकल दोन भोकं वर घे ना, केवढा खाली लोंबतोय." बरोबर आहे त्याचं. मी बुटकी. शेवटच्या भोकातला पट्टा मला फार लांब पडतो, आणि प्रत्येक पावलाला डबा गुडघ्यावर आपटतो. वाजवायच्या आधीच तो वाजायला लागतो. बायकांना लांबूनच कळतं की मी निघाले.

बकल मी हलवलेलं नाही. घरी आल्यावर गुडघ्याला तेल चोळते, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा तसाच अडकवून निघते.